भलत्या हातातली फीत

सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवताना म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो म्हणून मी ताईच्या कोटाची बाही धरली, आणि पट्टा निम्मा सरकल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाही ताईची नाही. कोट तोच. राखाडी, गुडघ्यापर्यंतचा, खांद्यात जरा उतरलेला. वर मान मात्र कुणा तिसऱ्याच बाईची. तिने हूं की चूं केलं नव्हतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून ती गुमान उभी होती, नजर समोरच्या उंच इमारतीवर लावून. "अगंबाई, माफ करा हं," मी हात सोडत म्हणाले. "असू दे, असू दे," ती कमरेत वाकून म्हणाली, "कुणी धरून नेलं, बरंच वाटलं." मागून खणखणीत हसू आलं. बाबा गेल्यापासून या शहरात एवढ्या मोठ्याने कुणी हसलेलं मी ऐकलेलं नाही. "काय गं मिसा," ताई मधल्या माणसांच्या डोक्यांवरून ओरडली, "बदलून घेतलीस का मला? बघ बाई, ती गरीब दिसतेय, तीच ने घरी!" लोक हसले नाहीत, त्यांनी आपापल्या मोबाईलमध्ये माना घातल्या. मी हसले. पुन्हा, असं मनात आलं. पुन्हा भलतंच टोक धरलं मी.

तसा दोष कोटाचा. कोट आईचा. यासुएताई ब्राझीलहून उतरली ती एका पातळ नारिंगी स्वेटरवर. तिकडे नोव्हेंबरात उन्हाळ्याची चाहूल लागते आणि इकडे योकोहामात वारा कानाचे लचके तोडतो, हे ती विसरूनच गेली होती. मी ट्रंकेतून आईचा कोट काढून तिच्या अंगावर चढवला. या शहरात सत्तरीला टेकलेल्या निम्म्या बायकांकडे असा कोट आहे. मला ठाऊक, कारण त्यातले बरेचसे इस्त्रीला माझ्याकडेच येतात. स्टेशनाच्या मागल्या अंगाला, नोगेच्या गल्लीत, गुत्त्यांच्या आणि भाजल्या कोंबडीच्या धुरात माझं लाँड्रीचं दुकान आहे. (त्या धुरावरच माझं पोट चालतं, कपड्यांना वास लागतो आणि लोक ते धुवायला आणून देतात.) खाली इस्त्री, वर दोन खोल्या. एकीत मी. नवरा नागोयाला बदलीवर गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे मला एक पुरते. दुसरी आईची होती. ती मी यंदा उन्हाळाभर नीट करून घेतली. गवताच्या नव्या चटया घातल्या, न्हाणीत धरायला दांडा बसवला, खिडकीचा पडदा बदलला. खाली इस्त्री करताना वरून नव्या चटयांचा वास यायचा आणि मी एकटीच हसायचे. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नव्हतं. ताईचा नवरा इवाओ वारला तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "एकदा येऊन बघते. राहायचं की कसं, मग ठरवू." त्या 'ठरवू'वर मी चटया बदलल्या. आल्या दिवशी तिने खोलीभर नजर फिरवली, पायाने चटई चाचपली आणि म्हणाली, "फर्मास आहे गं. पाहुण्यांसाठी ठेवलीयस?" मी म्हटलं, "हो, कुणी आलं-गेलं तर." लोकांच्या जिभेला हाड नसतं. माझ्या जिभेला आहे. ऐन वेळी ती वळत नाही.

विमानतळावरही तेच झालं होतं. इथे कोपऱ्यावर दूध आणायला निघालेली बाईसुद्धा उंबऱ्यावर 'जाऊन येते' म्हणते आणि घरातलं माणूस 'जाऊन ये' म्हणतं. परतला की 'आले', आणि आतून, भांडी घासता घासता, न बघता, 'आलीस?' एवढ्यावर घर चालतं. मी अजून रिकाम्या दुकानात शिरताना 'आले' म्हणते. आई होती तोवर ती उत्तर द्यायची, आता फ्रीज घुरघुरतो. तर ताई येणार म्हणून मी 'आलीस?' घोकून ठेवलं होतं. शर्टांच्या कॉलरवर इस्त्री दाबताना पुटपुटायचे, आलीस, आलीस. आणि काचेचं दार सरकून ती बाहेर आली, उन्हाने रापलेली, रुंद, आईसारखी आणि आईसारखी मुळीच नाही, तिने ट्रॉली टाकून मला भर गर्दीत मिठी मारली. इकडे असं कुणी मारत नाही. माझे हात दोन्ही बाजूंना लाकडासारखे लोंबत राहिले आणि तोंडातून निघालं, "या, या. प्रवास कसा झाला?" दुकानात गिऱ्हाईक आलं की म्हणते तसं. तिची मिठी जराशी सैल झाल्यासारखी वाटली. की मलाच वाटलं.

पट्टा संपला. इमारतींच्या काचांत आम्ही दोघी लांबुळक्या दिसत होतो, एक राखाडी, एक निळी. ताई थांबली. "मिसा, गोदीचं फाटक कुठे गं?" मी पायाखाली बोट दाखवलं. "इथेच कुठेतरी. आपण बाबांना डबा द्यायला यायचो ती भिंत तिथे, त्या बुटांच्या दुकानापाशी असेल." "आणि समुद्र?" "सरकवला." "सरकवला म्हणजे?" "भर घातली गं. जिथे उभी आहेस ना, तिथे पाणी होतं." तिने पटकन पाय उचलल्यासारखं केलं, मग स्वतःलाच हसली. मला या जागेचं काही वाटत नाही. मी इथे मोजे घ्यायला येते, सेलमध्ये. आकाशपाळण्याच्या मधोमध मोठं घड्याळ आहे, त्यावर दुकान उघडायची वेळ बघते. पण ताईच्या डोळ्यांनी बघायला लागले की सगळं हलायला लागायचं. काचांच्या मागे काळ्या क्रेन दिसायच्या, आणि कानात तो आवाज सुरू व्हायचा, कान-कान, कान-कान. बाबा बोटींचा गंज हातोडीने पाडायचे. बोटीच्या पोटाशी फळीवर लोंबकळत शेकडो माणसं दिवसभर लोखंड ठोकायची. शहर त्यांना कानकान किडे म्हणायचं, आणि संध्याकाळी ते किडे बहिरे होऊन घरी जायचे. आमच्या घरात कुणी हळू बोलायचंच नाही. "गळ्यातून नाही, पोटातून ओरडायचं," बाबा आम्हाला शिकवायचे, "धक्क्यावर गळ्याचा आवाज वारा खातो." पुढे मी इस्त्री करत गेले, गिऱ्हाइकांशी हळू बोलत गेले, आणि पोटातला आवाज कुठे ठेवला ते विसरले. ताईने तो तसाच्या तसा तिकडे नेला आणि परत आणला. तिच्या बोलण्यात शब्दही तेव्हाचेच आहेत. फर्मास, बिगीबिगी, आता इथे कुणी म्हणत नाही असले. ती खोलीत 'मिसा, चहा टाक' म्हणते आणि क्षणभर मला वाटतं आई उठली.

जुनी गोदी बुजवलेली नाही. तिचा खड्डा तसाच ठेवून त्यात बाग केली आहे. दोन्ही बाजूंना घाटासारख्या दगडी पायऱ्या, आणि तळाशी, जिथे बोटींची पोटं टेकायची, तिथे छत्र्यांखाली कॉफी मिळते. ताईने खाली उतरताना एका दगडावर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिली. "गार आहे," ती म्हणाली. मला वाटलं आता रडेल. पण ती बसली, कॉफी आली, आणि साखरेच्या पुड्यांवर पुड्या फाडून तिने कॉफीचा पाक केला. "आमच्याकडे अशीच पितात," ती म्हणाली. वेटर मुलगी आणखी पुड्या घेऊन आली तेव्हा ताईने तिचा हातच धरला. "किती गं बारीक तू! जेवतेस का? आमच्या झाडांची ती केशरी पर्सिमन फळं खाल्लीस तर अशी गरगरीत होशील." मुलगी लाजून वाकली. "पर्सिमन तर आत्ता आहेत की बाजारात," मी म्हटलं, "जाताना घेऊ." "छे, आमच्याकडे एप्रिलात पिकतात. या वेळेची खाल्ली की मला उगीच चोरून खाल्ल्यासारखं वाटतं." ती खूप वेळा 'आमच्याकडे' म्हणत होती. मी मनात म्हणत होते, सवय आहे. सवयी मोडतात. चटयांचा वास अजून नवा आहे. मग तिने पेल्यात चमचा ढवळत, माझ्याकडे न बघता विचारलं, "एक विचारू? तू तेव्हा रुसली होतीस ना माझ्यावर?"

तेव्हा, म्हणजे ती गेली तेव्हा. ती एकोणीस वर्षांची, मी आठ. फोटो बघून लग्न ठरलेलं. नवरा तिकडे, ही इकडे, मधे अख्खा समुद्र. बोटीने जाणारे तेव्हा अगदी शेवटचेच उरले होते. सकाळी निघताना उंबऱ्यावर बूट घालता घालता ती सवयीने "जाऊन ये..." म्हणायला लागली आणि आईने झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. नवरीने असं म्हणायचं नसतं. माहेरी परत येणारी नवरी म्हणजे मोडलेला संसार. मग ताई नुसती वाकली, आणि आम्हीही उलट काही म्हटलं नाही. त्या वाक्याचा उरलेला तुकडा आईच्या तळहातात राहिला असणार. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोटीवरचे लोक कठड्यावरून कागदी फितींची भेंडोळी खाली फेकत होते. एक टोक त्यांच्या बोटात, दुसरं धक्क्यावरच्या आपल्या माणसाच्या. बोट सुटली की फीत उलगडत जाते, ताणते, आणि आपोआप तुटेपर्यंत दोघांनी धरून ठेवायची. आधी सोडायची नाही, एवढा एकच नियम. बाबांनी माझ्यासारखी घोडी खांद्यावर घेतली होती. ताईने पिवळी फीत फेकली, वाऱ्याने सगळ्यांच्या फितींचं जाळं झालं, आणि माझ्या हातात पिवळी आली. बोट हलली. मी फितीवरून नजर चढवत चढवत वर नेली, पाण्यावरून, लोखंडावरून, कठड्यापर्यंत. टोकाला ताई नव्हती. पांढऱ्या हातमोज्यांची एक बाई होती, आईच्या वयाची, टोपी घातलेली. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या तोंडावर तेच होतं जे माझ्या तोंडावर असणार: अरे, ही कोण? मग ती कठड्यामागून मला वाकून नमस्कार करती झाली. मीही बाबांच्या डोक्यावरून वाकले. आता सोडायची कशी? ज्याची फीत हातात, त्याच्यावरून नजर काढायची कशी? ती बिचारी कठड्याशी कुणासाठी आली होती, कुणाला शोधत होती, ठाऊक नाही. पण तिनेही सोडली नाही. आम्ही दोघी परक्या एकमेकींकडे बघत राहिलो, भलत्याच प्रेमाने, आणि फीत तुटली तेव्हा कठड्यावरची तोंडं तांदळाएवढी झाली होती. त्यातला ताईचा तांदूळ कोणता, ते मला कळलं नाही. जाताना तिचा चेहरा कसा होता ते मी बघितलंच नाही. पुढे कितीतरी वर्षं झोप लागताना मी तो चेहरा करून बघायचे, कधी रडका, कधी हसरा, आणि दर वेळी वर पांढरे हातमोजे यायचे.

हे सगळं मी ताईला सांगितलं. तुटक तुटक, पेल्याकडे बघत. ती ऐकत होती. चमचा हातात तसाच. "हातमोजेवाली?" ती म्हणाली. "हो." "अगं, मी घसा फोडून ओरडत होते! मिसा, मिसा! आणि तू तिकडे मान करून, अगदी ताठ. मला वाटलं, पोरगी रुसली. कायमची रुसली. आठवडाभर मी खाली आडवी पडून होते. बायका म्हणायच्या, हिला बोट लागली. बोट कसली लागतेय? मला बहीण लागली होती." ती हसायला लागली. हसता हसता तिने आईच्या कोटाची बाही डोळ्यांना लावली. "आणि तुझी फीत कुणाकडे होती?" मी विचारलं. "एक म्हातारा होता. दात नसलेला. काय हात हलवत होता गं! जन्मात मला कुणी एवढा हात हलवलेला नाही, इवाओनेसुद्धा. मीही हलवला. म्हटलं, कुणाचा का असेना, बाप आहे." आम्ही दोघी हसलो. वर काठावरून एका बाईने वाकून बघितलं, खड्ड्यात एवढं काय चाललंय म्हणून. "म्हणून आली नाहीस इतकी वर्षं?" मी विचारलं. "आधी पैसे नव्हते. मग पोरं. मग आई गेली, तेव्हा तर कुठल्या तोंडाने येऊ. पण तेही होतंच. रुसलेल्या माणसाच्या दारात उगाच कशाला उभं राहायचं." मला वाटलं, आता. आता म्हणावं, ती खोली पाहुण्यांची नाही. पण ताईने कप पालथा घालावा तसा हात टेबलावर ठेवला आणि उठली. "चल, धक्का दाखव."

पाण्यावरून गेलेल्या जुन्या मालगाडीच्या वाटेने आम्ही निघालो. रूळ अजून आहेत, लाकडी फळ्यांत बसवलेले. ताई एका रुळावर तोल सांभाळत चालत होती, लहानपणी चालायची तशी, आणि वरून काचेचे पाळणे तारेवरून माणसं घेऊन निःशब्द जात होते. मी तिच्या मागे. मागून ती अगदी आई होती. मी कोटाच्या मागच्या शिवणीकडे बघत मनात वाक्य जुळवत होते. ताई, राहा. एवढंच. दोन शब्द. विटांच्या गोदामांपाशी मुलांची गाणी चालली होती, डुकराचं मांस भरलेल्या वाफाळत्या पावांचा वास येत होता, आणि मला एकदम असं वाटलं, की मी हे वाक्य म्हटलं तर ते दोन टोकांमध्ये ताणलं जाईल आणि भलत्याच कुणाच्या हातात जाईल. "मिसा," ती न वळता म्हणाली, "मी माघारी जाणार आहे." रुळावर तिचा पाय जरा चुकला. "ऐकतेयस ना? इवाओ तिकडच्या मातीत आहे. नातवंडं आहेत. आणि एप्रिलात फळाने फांद्या मोडतात, टेकू द्यावे लागतात. पोरांना जमत नाही, ते सगळ्या झाडांना सारखेच टेकू देतात." "हं," मी म्हणाले. "तिकडे थंडीही कमी." "थंडीचं काय घेऊन बसलीस!" ती थांबली आणि वळली. "तू बोलावलंस असतं तर... नाही, तसंही गेलेच असते बहुतेक. खोटं कशाला बोलू. पण तुझ्याकडे मी पाहुणी आहे गं. लाडाची पाहुणी. विमानतळावर तू मला 'या' म्हणालीस." "तोंडातून निघालं, ताई." "निघालं ना? मग झालं तर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचंच वाईट वाटलं.

धक्का आता पूर्वीसारखा नाही. वर सगळी लाकडी जमीन, चढ-उताराची. आम्ही तिला देवमाशाची पाठ म्हणतो. लोक तिथे कुत्री घेऊन येतात, प्रेमात पडायला येतात. ऊन पिवळं पडून इमारतींच्या काचांवर चढलं होतं. एक मोठं पांढरं प्रवासी जहाज सुटायच्या बेतात होतं, मजल्यावर मजले, प्रत्येक सज्ज्यात माणसं. ताई सरळ कठड्याशी गेली. शेजारी लोकरी टोपी घातलेले एक आजोबा हात हलवत उभे होते. "फिती नाही टाकत आता?" ताईने त्यांना विचारलं, त्यांच्या कानात ओरडून. आजोबा दचकले. "नाही हो. पाणी खराब होतं म्हणतात. आता मोबाईलचे दिवे हलवतात." "आणि तुटल्याचं कळतं कसं?" आजोबा हसले आणि पुन्हा हात हलवू लागले. मी म्हटलं, "तुमचं कुणी चाललंय का?" "कुणी नाही. मी रोज येतो." जहाज हललं. पाणी आणि लाकूड यांच्यात एक काळी रेघ पडली आणि रुंदावू लागली, बाबांच्या खांद्यावरून पाहिली होती तशी.

"ताई, तू इथेच थांब," मी म्हणाले. "कठड्याला पाठ लावून. माझ्याकडे तोंड कर." "फोटो काढतेस? केस बघ माझे, झाडू झालाय." "फोटो नाही. नुसतं बघायचंय." तिला कळलं असावं. तिने केस बसवण्यासाठी वर नेलेला हात खाली घेतला. मी मागे मागे चालत देवमाशाच्या पाठीवर चढत गेले, एक कुत्रं पायात आलं, एका जोडप्यात घुसले, माफी मागितली, पण नजर काढली नाही. पांढरे हातमोजे आले नाहीत. ताई लहान होत गेली. मागून जहाज सरकत होतं, त्यामुळे असं दिसत होतं की तीच सरकतेय. मग मी थांबले आणि तिचा चेहरा बघितला. कपाळ बाबांचं. गालांवर उन्हाचे डाग. तोंड जरासं उघडं, बोलायच्या आधी असतं तसं. ना रडका, ना हसरा. मी इतकी वर्षं करून बघितलेल्या चेहऱ्यांपैकी हा एकही नव्हता. एकोणीस वर्षांची एक मुलगी, आईच्या कोटात, मला शोधत होती आणि तिला मी सापडले होते. राहा, असं माझ्या ओठांवर आलं. मी ते तिथे धरून ठेवलं. फांद्यांना टेकू कुणी द्यायचे? आणि राहा म्हणतात ते पाहुण्यालाच, अजून दोन दिवस राहा म्हणून. घरच्या माणसाला दुसरंच म्हणतात.

"ताई!" मी ओरडले. आवाज गळ्यातून आला, वाऱ्याने खाल्ला. तिने कानामागे तळवा धरला. "काय?" मी श्वास घेतला, खोल, बाबा सांगायचे तिथपर्यंत.

"जाऊन ये!"

जोडपं दूर झालं. कुत्रं भुंकलं. ताई हलली नाही. मला तिचं तोंड दिसत होतं, आणि तोंडावर आईचा हात दिसत होता, तो हळूहळू उतरताना दिसत होता. मग ती कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून, सगळं अंग मागे घेऊन, पोटाच्या देठापासून ओरडली, "जाऊन येते!"

धक्क्यावरची सगळी माणसं वळली. लोकरी टोपीच्या आजोबांनी एकदा ताईकडे बघितलं, एकदा पाण्यात लांब गेलेल्या जहाजाकडे, आणि घाबरेघुबरे होऊन तिच्या बाहीला हात लावला. "अहो बाई, तुमची बोट सुटली! बोट गेली की तुमची!"

ताईने मान वळवली नाही. ती माझ्याकडेच बघत होती.